बरा म्हणजे कसा

सकाळचे सात वाजून गेले तरी मिलिंदचा फोन आला नव्हता. माझा हा धाकटा भाऊ रोज सातला फोन करायचा आणि हॅलो नाही, जयभीम नाही, थेट आकडा सांगायचा. "अक्का, साडेसहा." म्हणजे साडेसहा तास झोप झाली. मी "बरं" म्हणायची, गॅसवर चहा उतू जायला आलेला असायचा, फोन संपायचा. त्या दिवशी सव्वासात झाले, साडेसात झाले, आणि मी काय केलं असेल? मी चिडले. फोन चार्जिंगला लावायला विसरला असणार, पन्नाशी उलटली तरी याला सांगावं लागतं, असं पुटपुटत मी भाजी चिरत बसले. साडेआठला त्याच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा फोन आला. मी विद्यानगरला त्याच्या घरी पोचले तेव्हा दार उघडलेलं होतं आणि तो कुशीवर, चादर छातीपर्यंत ओढून... झोपलेलाच होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. येणारा जो तो म्हणत होता, "झोपेत गेला, नशीबवान." मला त्या शब्दाचा राग येत होता, पण कुणावर काढणार? याला आता सहा आठवडे झाले.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी हैदराबादला आले आणि नामपल्लीच्या पार्सल ऑफिसात निवृत्त झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी उर्दू आणि बाजारात तेलुगू, असं आमचं बालपण. मिलिंद माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला अंगाखांद्यावर मीच वाढवला म्हणा ना. ढोलकी तो कुणाकडे शिकला नाही. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला गाणी व्हायची, तिथं बसून बसून त्याचे हात आपोआप चालायला लागले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याला नोकरी लागली तेव्हा दादांनी सगळ्या पार्सल ऑफिसला जेवण दिलं होतं.

पंचविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा आजारी पडला. आजारी म्हणजे ताप नाही, खोकला नाही. महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आंघोळ नको, जेवण नको, कुणाशी बोलणं नको. मी त्याला कोठी भागात पुस्तकांच्या दुकानांवरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हातारे, सज्जन, आणि रांग जिन्याखालपर्यंत. त्यांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात मिलिंद उठला, दाढी केली, आरशात बघून शीळ घातली. माय डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बरा झाला माझा लेक."

हा 'बरा' शब्द आमच्या घरात तेव्हा आला आणि मुक्कामालाच राहिला. मिलिंद बरा असला की घरात जत्रा असायची. पहाटे उठून शेजाऱ्यांची दारं रंगवायचा, न विचारता, आणि तीही निळी. रस्त्यात भेटलेली आठ-दहा माणसं जेवायला घेऊन यायचा आणि मायच्या हातातला झारा काढून घेऊन स्वतः पुऱ्या तळायचा. वस्तीतल्या मुलांना अ-आ-ई शिकवायचा, कारण ती बोलायची मराठी, पण पाटी वाचता यायची नाही एकालाही. माझ्या प्रज्ञाला खांद्यावर बसवून सगळी नुमाईश, म्हणजे जानेवारीत भरणारं ते मोठं प्रदर्शन, फिरवायचा. असा मामा कुणालाच नाही, असं ती शाळेत सांगायची, आणि ते खरंच होतं. दोन तास झोपायचा आणि दिवसभर ताजातवाना. "आमचा मिलिंद दोनच तास झोपतो," हे मी ऑफिसात कौतुकानं सांगितलेलं आहे. याच दिवसांत तो साहेबाच्या अंगावर धावून गेला होता. याच दिवसांत त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण एका दिवसात तीनदा मुलीच्या घरी जाऊन त्यानं तीन वेगवेगळ्या योजना सांगितल्या. आम्ही म्हणालो, जरा तिखट आहे, पण मन मोठं आहे.

मग पुन्हा भिंत. पुन्हा कोठी. डॉक्टर विचारायचे, "पिछली बार गोलियों से अच्छे हुए थे?" मी म्हणायची, "हौ साब, एकदम अच्छे." मग त्याच गोळ्या, थोड्या वाढवून. असं अठरा वर्षं चाललं. मी डॉक्टरांना दोष देत नाही. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं, आणि मी त्यांना अर्धंच सांगितलं. चांगल्या दिवसांत दवाखान्यात कोण जातं? मी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेली बाई, चार पुस्तकं वाचलेली. पण भाऊ हसतोय हेही आजारात धरायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याचे डोळे आणि माझे डोळे उघडले ते एका जानेवारीत. मिलिंदकडे ग्रंथालयाचा मराठी विभाग होता. आठवड्यातून एखादा वाचक यायचा. एका दुपारी त्यानं तीन ऑटोंमध्ये ती पुस्तकं भरली आणि नामपल्लीला नुमाईशच्या फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायला लागला. "पुस्तकं माणसांत गेली पाहिजेत, अक्का," हे एकच वाक्य तो मला रडत, हसत, ओरडत सांगत होता. फुकट मिळतंय म्हणून लोक घेत होते. एक बुरखेवाली आजी तर दोन पुस्तकं घेऊन दुवा देऊन गेली. मुख्य ग्रंथपाल फार भला माणूस. पोलिसांत न जाता त्यांनी मला बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "अम्मा, ये आदमी चोर नहीं है, बीमार है. कोई दूसरे डॉक्टर कू दिखाव." त्यांनीच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंचा पत्ता लिहून दिला.

त्या डॉक्टरबाई तेलुगू, बोलायच्या आमच्यासारखंच दखनी. मी सवयीनं उदासीचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "फिर वो बरा हो जाता." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरा बोले तो? कैसे रहते इनों, जब बरा रहते?" अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी खुलले. निळी दारं, पुऱ्या, नुमाईश, दोन तासांची झोप... अर्धा तास मी हसत हसत सांगत होते. त्या हसत नव्हत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "अक्का, इनों बरा नहीं हुए थे. ये बी बीमारीच है, दूसरी तरफ की." बायपोलर हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. नुसत्या उदासीच्या गोळ्यांनी अशा माणसाची गाडी खालून निघून थेट वर उधळू शकते, हेही तिथंच कळलं. म्हणजे मी अठरा वर्षं दर खेपेला त्याला हाताला धरून कोठीच्या त्या जिन्यावर नेत होते...

लिथियम सुरू झालं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ एकदम कमी करायचं नाही. "अक्का, मी आता मिठावर चालतो," असं मिलिंद सांगायचा, कारण ते औषधही एक क्षारच आहे, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. डॉक्टरबाईंनी त्याला झोप लिहून ठेवायला सांगितली. दर डिसेंबरात तो कोठीहून मराठी कॅलेंडर आणायचा, ते स्वयंपाकघरात टांगायचा आणि रोजच्या चौकोनात तास लिहायचा. आकड्याखाली पेनाचा एक ठिपका, म्हणजे गोळ्या घेतल्या. तपासणीला जाताना आकडे कागदावर उतरवून न्यायचा. सहा, सात, साडेसहा, सात. बघणाऱ्याला कंटाळा येईल असे आकडे. सात वर्षं तो नोकरीवर गेला, परत आला, वरण-भात करून जेवला. भिंत नाही, जत्राही नाही.

आणि मला करमेना. हे कबूल करायलाच मी लिहायला बसले आहे. भाऊ धडधाकट होता आणि मला तो पूर्वीचा हवा होता. हाताला बारीक कंप यायचा म्हणून त्यानं ढोलकी माळ्यावर टाकली होती. विनोद केला तर एक क्षण थांबून हसायचा. आमच्याकडे आला की खुर्चीच्या टोकावर बसायचा, बाटलीतून पाणी प्यायचा आणि साडेनऊला "निघतो, झोपेची वेळ" म्हणून उठायचा. ते साधं, नेमस्त आयुष्य त्यानं केवढ्या मेहनतीनं उभं केलं होतं. मी त्याचं एकदाही कौतुक केलं नाही. दोन तासांच्या झोपेचं केलं होतं, सात तासांच्या झोपेचं केलं नाही.

प्रज्ञाचं लग्न ठरलं. दीड महिना राहिला होता. मिलिंद माझ्याकडे पत्रिकांवर नावं घालत बसला होता, अक्षर कंपामुळं जरा वाकडं येत होतं. मी म्हटलं, "लग्नात तरी पूर्वीसारखा हो रे. असा पाहुण्यासारखा बसू नकोस."

"पूर्वीसारखा म्हणजे कसा?"

"म्हणजे... बरा होतास ना, तसा."

तो म्हणाला, "बघतो, अक्का," आणि पुढची पत्रिका घेतली.

लग्नात मामानं काय बहार उडवली, हे आमच्या नातेवाइकांत अजून सांगतात. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, हार घातले गेले, आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत मिलिंद ढोलकी गळ्यात अडकवून उभा. हात जरासुद्धा कापत नव्हता. वराकडची मंडळी नाचली, केटरिंगचे लोक नाचले, गुडघ्याच्या आजाराची मी नाचले. प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली, "आई, माझा मामा परत आला." मला इतका आनंद झाला होता की मुलगी सासरी जाताना मी धड रडलेसुद्धा नाही.

दहाव्या दिवशी तो नामपल्ली स्टेशनवर सापडला. अनवाणी, आवाज बसलेला, प्रवाशांना गाडीत चढू नका म्हणून विनवत होता. महिनाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरबाईंनी त्याच्यादेखत मला विचारलं, "गोलियां बराबर ले रे थे?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, एकही चुकलेली नाही, त्याची सात खणांची गोळ्यांची डबी दर रविवारी मी स्वतः बघते, रिकामी असते. मिलिंद खाली मान घालून बसला होता. रक्तात औषध कमी निघालं तेही मी दगदगीवर, उन्हावर, खाण्यापिण्यावर ढकललं. मग औषध बदललं. नवं मानवलं नाही, तिसरं मानवलं नाही. त्याचं वजन वाढलं, जीभ जड झाली, आणि मग भिंत आली, पूर्वीपेक्षा लांबलचक. नोकरी त्या वर्षात गेली. सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा जुनंच औषध सुरू केलं. का, ते मी विचारलं नाही. हळूहळू सातचे फोन सुरू झाले, पण आवाज दमल्यासारखा यायचा.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी त्याची खोली आवरायला गेले. या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवर होतं, शेवटचा आकडा सात, खाली ठिपका. कपाटामागं जुनी कॅलेंडरं गुंडाळून ठेवलेली होती. सहज म्हणून प्रज्ञाच्या लग्नाचं वर्ष उघडलं. आकडे होते सात, सात, साडेसहा... आणि लग्नाच्या तेवीस दिवस आधी ठिपके थांबलेले. दर रविवारी मी रिकामी बघत होते ती डबी तो माझ्यासाठी रिकामी करून ठेवत होता. सहा, पाच, चार, साडेतीन. पुढचं मला बघवेना. आधी 'बरा आहे' म्हणून अठरा वर्षं घालवली, आणि हाती आलेलं औषध पुन्हा त्याच एका शब्दानं सोडायला लावलं. त्यानं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात ते कॅलेंडर पिशवीत घालून मी डॉक्टरबाईंकडे गेले. तुमचं औषध हरलं नव्हतं, मी तुम्हाला खोटं सांगितलं, नकळत का होईना, एवढं मला त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मालूम है, अक्का. छे महीने बाद इनों खुद आके बोले. आपकू नक्को बोलो बोले." मला कळू देऊ नका, असं तो त्यांना सांगून गेला होता.

त्यांनी कॅलेंडर जवळ ओढलं, चष्मा लावला आणि एकेका चौकोनावरून बोट फिरवत गेल्या. चार. साडेतीन. दोन. लग्नाच्या तारखेवर बोट थांबलं. साऱ्या वर्षात फक्त त्या एका चौकोनात आकड्यापुढं अक्षरं होती. डॉक्टरबाई देवनागरी जुळवत जुळवत वाचतात.

"शून्य... ब... रा. बरा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरा बोले तो?"

त्यांना पहिला दिवस आठवत नव्हता, की मुद्दाम विचारलं, कोण जाणे. त्याच खुर्चीत बसून मी या प्रश्नाला एकदा अर्धा तास उत्तर दिलं होतं, हसत हसत. आता त्या थांबल्या होत्या, बोट त्याच चौकोनावर होतं, आणि मला त्या शब्दाचा अर्थ सांगता येईना.