चढाखाली उतरवलेला संसार

पेन्शनच्या कागदासाठी मी लातूरला गेलो होतो. दुपारी शेजारच्या मुलीचा नांदेडहून फोन आला. "काका, घरी या." एवढंच. काय झालं, असं मी विचारलं नाही... तीन-साडेतीन तासांचा रस्ता होता, आणि तेवढा वेळ तरी माझी बायको, महानंदा, असावी असं वाटत होतं. पोचलो तेव्हा अंगणात खूप चपला होत्या. त्याला आता सव्वा महिना झाला. भेटणारे म्हणतात, तुमची बायको फार प्रेमळ होती. होतीच. पण नुसत्या आवाजावरून ती इंजिनाचं दुखणं ओळखायची, हे आता मला एकट्यालाच माहीत आहे, म्हणून लिहायला बसलो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. बोअरसाठी जागा शोधायचं माझं सरकारी काम. दुष्काळ असा की एका गावात आठ दिवस राहणं होत नसे, आणि लातुरात भाड्यानं खोली मिळत नव्हती. कचेरीची एक जुनाट मिनीबस होती. बाकं काढून तिच्यात फळ्यांचे दोन पलंग, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी बसवली होती. लोक तिला घरगाडी म्हणत. महानंदा तेव्हा उदगीरला माहेरी होती. आमचं बाळ जन्मून तिसऱ्या दिवशी गेलं होतं... ती आली ती एक ट्रंक, पाटा-वरवंटा आणि तिच्या अप्पांनी नातवासाठी करून ठेवलेला पाळणा घेऊन. मी तो टपावर नेऊन बांधला.

गाडी मात्र चढ दिसला की रडायची. मागं काळा धूर, आणि पायी चालणारा माणूस आमच्या पुढं निघून जायचा. मेकॅनिक म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, महिना जाईल. महानंदा गाडीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या अप्पांची डाळीची गिरणी ऑइल इंजिनावर चालायची. त्या आवाजातच ती वाढली होती.

"धूर काळा हाय, निळा न्हाई," ती म्हणाली. "तेल जळून न्हाई राहिलं. हिला हवाच मिळून न्हाई राहिली."

मेकॅनिक हसला. तिनं त्याला एअर क्लीनर उघडायला लावला. आत धुळीचा आणि तेलाचा नुसता चिखल. आम्ही वर्षभर हिंडलो त्या साऱ्या कोरड्या रस्त्यांचा. मग तो हसायचा थांबला. त्यानं नोझल साफ केले, टॅपेट लावले. तरी जोर येईना, तेव्हा तिनं मला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितलं आणि स्वतः इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाजवळ वाकून बघत राहिली. "पाय तुमचा जाऊन राहिला, पण निरोप हितवर येईना." अॅक्सिलरेटरपासून पंपापर्यंतची वायर सैल झाली होती. ती आवळली आणि त्या संध्याकाळी घरगाडी पहिल्यांदा तिसऱ्या गिअरवर चढ चढली. कपाळावर विभूती, गालावर काळं ग्रीस... महानंदा हसत होती. बाळ गेल्यानंतर मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं.

पुढच्याच महिन्यात जळकोटकडच्या माळावरच्या एका वस्तीत बोअरला पाणी लागलं. हातपंपाचे लोखंडी पाइप मात्र चढाखालीच पडले होते. ट्रकवाला तिथंच टाकून गेला होता. वरच्या बायका दोन कोसांवरून पाणी वाहत होत्या.

"आपली गाडी नेईल का?" मी विचारलं.

ती चढाकडं बघत म्हणाली, "नेईल. पण पाइप आन संसार, दोन्ही न्हाई नेणार."

तिनं स्वतःच एकेक वस्तू खाली घ्यायला सुरुवात केली. फळ्या, ट्रंक, पाटा, आणि शेवटी टपावरचा पाळणा. सगळं लिंबाखाली मांडून ती त्याच्याशेजारी बसली. "तुम्ही जावा. मी हितनं आवाज ऐकते."

गाडी चढली. दुपारपर्यंत पंप बसला, आणि दांडा हलवता हलवता एकदम पाण्याची धार आली. बायका ओरडल्या, कुणी रडलं. मी तसाच तिला आणायला खाली गेलो.

"वळणावर गेर उशिरा बदलला तुम्ही," ती म्हणाली. सामान चढवताना लक्षात आलं, पाळणा नव्हता.

"एक बाई आली होती. पदराखाली महिन्याचं लेकरू. झोळी बांधायला धड लुगडं नव्हतं तिच्यापाशी. दिला." आणि रिकाम्या टपाकडं न बघता म्हणाली, "लई जड होता."

पाळणा जड नव्हता. मी एकट्यानं तो टपावर चढवला होता, आणि ते तिनं पाहिलं होतं. त्या वेळी तिचा हात धरायला हवा होता. मी गाडी सुरू केली... पुढं आम्हाला मूल झालं नाही. घरगाडी भंगारात गेली, आम्ही नांदेडला घर केलं. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोलू कधीतरी, असं वाटायचं. निवृत्त झाल्यावर तर सगळा दिवस आमचाच होता, तरी राहून गेलं.

परवा तिच्या भावाकडं उदगीरला निघालो. एसटीत महानंदा नेहमी ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची, खिडकीची जागा तिची. मी त्याच सीटवर बसलो, आणि सवयीनं खिडकी सोडून. गाडी भरत आली. पटका बांधलेले एक म्हातारे गृहस्थ पिशवी सावरत जवळ आले.

"बाजूला कोणी हाय का?"

सव्वा महिना लोक मला समजावत होते. मी स्वतः ते तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो. "कोणी न्हाई... बसा." आणि पाय आखडून घेतले, त्यांना खिडकीशी जाऊ दिलं.