दारावरचा खळगा

माझ्या बहिणीचा नवरा कुठल्याही खोलीत शिरला की आधी फरशी बघतो, माणसं नंतर. त्याचा धंदाच तो आहे. तरुणपणी घरोघरी फरश्या बसवल्या, आता स्वतःचं फरश्यांचं दुकान आहे. लोक खिशाला पेन लावतात, हा पाणसळ लावतो. म्हणजे ती बोटभर काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट आणि भावजी खूश. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चहाचा कप टेबलावर ठेवला, कपातल्या चहाकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि माझ्या बहिणीशी एक अक्षर बोलायच्या आत टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. आई म्हणाली, "मुलगा टापटिपीचा आहे." ताई म्हणाली, "त्याला टेबल आवडलंय की मी, एवढं विचारून घ्या."

त्याच दिवशी बाहेर धपधप असा आवाज झाला. आई माळा कोसळला म्हणून आत धावली. भावजींचे कान लाल झाले. "वडील आलेत न्यायला," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

भावजींचे वडील घरसामान हलवण्याचं काम करायचे. एक पिकअप होती, तिच्या हौद्यात कुणाची कपाटं, कुणाच्या खाटा, कुणाच्या सासूबाईंचा आरसा घालून या घरातून त्या घरात न्यायचे. गाडीचा हॉर्न कधीतरी बिघडला आणि त्यांनी तो दुरुस्तच केला नाही. त्यांचं म्हणणं, पहाटे गल्लीत हॉर्न वाजवला की बाळं उठतात. त्यापेक्षा खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोनदा तळहात मारावा, ज्याला उठायचंय तोच उठतो. प्रत्यक्षात बाळं, त्यांच्या आया आणि पलीकडच्या गल्लीतली कुत्री, सगळीच उठायची. पण बोलणार कोण? सामान चढवून झालं की तीनदा. दोनदा म्हणजे आलो, तीनदा म्हणजे निघालो. सगळी वस्ती त्यांना 'धपधप' म्हणायची, आणि ते या नावाला ओ देत. वर्षानुवर्षं एकाच जागी हात पडून ड्रायव्हरच्या दारावर एक खळगा पडला होता. जुन्या चपलेत पाय बसतो तसा त्यात त्यांचा हात बसायचा.

आता ज्याच्या बापाचं नाव धपधप, त्या मुलाचं शाळेत नाव काय असणार? छोटा धपधप. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी दोन ठोके पडले की अख्खा वर्ग एका सुरात ते नाव ओरडायचा. भावजींनी वडिलांना सांगितलं, "बाबा, फाटकाशी नका येऊ, कोपऱ्यावर औषधाच्या दुकानापाशी थांबा." बाबा दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर थांबू लागले. आणि तिथून पोराला ऐकू जावं म्हणून दुप्पट जोराने ठोकू लागले.

हे सगळं ताईने मला सांगितलेलं. ताईला भावजींनी, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून.

पुढे बाबांची नजर गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. गाडी घराच्या मागे ताडपत्रीखाली जाऊन बसली. मांजरीने तिच्या सीटमध्ये दोन-तीन पिढ्या वाढवल्या. मग एके दिवशी माझ्या भाचीने फर्मान काढलं: आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची आणि त्यांना तिच्यात बसवायचं. भाची मोटारींच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, चांगली धिप्पाड आहे, हातात कायम पाना असतो. घरात तिला चिमणी म्हणतात.

कामाची वाटणी झाली. इंजिन, ब्रेक, वायरिंग चिमणीकडे. सीटा ताईकडे; तिने मांजरीचं बाळंतपण झालेला काथ्या उपसून काढला आणि स्वतःच्या शिलाई मशीनवर नवी खोळ शिवली. पत्रा आणि रंग अर्थातच भावजींकडे. माझ्याकडे विजेरी धरणं आणि सल्ले देणं. त्यातलं विजेरी धरणं लोकांना चालायचं.

पहिल्याच रविवारी चिमणीने ड्रायव्हरच्या दारावर हात ठेवून सांगितलं, "पप्पा, गंज काढा, रंग द्या, काय वाट्टेल ते करा. हा खळगा मात्र तसाच ठेवायचा. ही आजोबांची सही आहे."

"हो गं बाई, हो," भावजी म्हणाले. पण बुडबुडा त्यांच्या डोळ्यांत हललेला मी पाहिला होता.

घरामागचं ते अंगण त्या दिवसांत बघण्यासारखं होतं. चिमणी गाडीखाली, तिचे फक्त बूट बाहेर. ताई पायरीवर, तोंडात टाचण्या, त्यामुळे त्या काळात घरात विलक्षण शांतता. बाबा खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सगळ्यांच्या चुका काढत. "चिमणे, तो नट आडवा चाललाय." "सूनबाई, दोरा संपला बघ तुझा." इंजिन पहिल्यांदा खोकलं तेव्हा बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. "उगाच घाई नको," असं स्वतःलाच म्हणाले. रोज संध्याकाळी विचारायचे, "दारं लावलीत का रे?" आणि भावजी म्हणायचे, "होतंय बाबा."

एकदा चिमणी आणि ताई सुटे भाग आणायला बाजारात गेल्या, बाबा आत झोपले होते, मलाही कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही परत जमलो तेव्हा दारावर रंगाचा पहिला हात बसला होता. गुळगुळीत. आतून ठोकून, वर पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून भावजींनी दार असं केलं होतं की त्यात आपलं तोंड बघून भांग पाडावा.

चिमणीने दारावरून हात फिरवला. "खळगा?"

"पत्रा सडला होता तिथे. राहिलाच नसता."

"पप्पा, बाकी दार ठणठणीत आहे. सडायला नेमका तेवढाच पत्रा सापडला?"

"अगं, मी काय मुद्दाम करीन का?" भावजी म्हणाले आणि लगेच खाली बसून जमिनीवरची पुट्टी खरवडायला लागले. जमीन स्वच्छ होती.

गाडी पुरी झाली तो दिवस छान निघाला. रंग मोतिया, दुकानातल्या सगळ्यात महागड्या फरशीचा. बाबांना दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आणलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसवलं. चिमणीने शेजारून किल्ली फिरवली. इंजिन लागलं. बाबांनी स्टिअरिंग धरलं, गिअरची मूठ कुरवाळली, आणि मग त्यांचा हात आपोआप खिडकीतून बाहेर आला. दारावर टेकला. घसरला. पुन्हा वर गेला, जरा पुढे, जरा मागे. अंधारात माणूस दिव्याचं बटण शोधतो तसा तो हात त्या गुळगुळीत पत्र्यावर हिंडत राहिला.

"दार बदललंत का रे?" बाबांनी विचारलं.

आम्ही सगळे भावजींकडे बघत होतो. एक नुसतं 'नाही' पुरलं असतं.

"हो," भावजी म्हणाले. "जुनं गंजलं होतं. नवीन बसवलं."

"आणि जुनं?"

"भंगारात गेलं."

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "गंजलं असणारच." त्यांनी हात आत घेतला आणि मांडीवर ठेवला. मग पाहुण्यासारखे सगळ्यांचं कौतुक करू लागले. सीट मऊ झालीय. इंजिन घड्याळासारखं चाललंय. रंगाचा वास चांगला आहे. थोड्या वेळाने म्हणाले, "उतरवा मला आता."

त्या दिवशी जेवताना चिमणीने वरकरणी गोड आवाजात विचारलं, "पप्पा, ते नवीन दार कुठल्या दुकानातून आणलंत? आमच्या वर्कशॉपला लागतात."

"जेव तू."

"जेवतेच आहे. तुम्ही सांगा."

ताई म्हणाली, "चिमणे, पुरे." पण भावजींच्या ताटात तिने वाढलं नाही, भांडं नुसतं पुढे सरकवलं. भावजींनी ताट उचललं, तसंच नेऊन ठेवलं आणि हात धुतले. बराच वेळ धुतले.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. बाबा सकाळीच चपला घालून दारात उभे. "भंगारवाल्याकडे जाऊ. अजून वितळवलं नसेल. गंज काय, खरवडला की जातो. ते दार परत आणू."

मग भावजी म्हणाले, "मी नेतो." आम्हाला वाटलं, वाटेत सांगतील. पुढे ते दोघं, मागे हौद्यात मी, हवा खात. केबिनची मागची काच उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे काहीच नाही. पूर्ण रस्ताभर भावजी फक्त एवढंच बोलले: "ऊन लागतंय का बाबा?"

भंगाराच्या वखारीत गाड्यांची दारं लायब्ररीतल्या पुस्तकांसारखी उभी रचलेली होती. बाबांनी वखारवाल्याला समजावलं, "पिकअपचं दार आहे. त्यावर खळगा आहे, हा एवढा," आणि तळहात पसरून दाखवला.

वखारवाला म्हणाला, "आजोबा, माझ्याकडे खळगा नसलेलं दार दाखवा, बक्षीस देतो."

बाबा हसले आणि कामाला लागले. एकेका दारावर हात ठेवून पुढे सरकायचे. "हे नाही. हे खांबाला घासलंय." "ह्याला कुणीतरी लाथ मारलीय, रागात." "हे बिचारं उलटलेल्या गाडीचं." हात काळा-तांबडा झाला. इस्त्रीच्या सदऱ्याला गंजाचे पट्टे पडले. भावजी मागून हातात रुमाल धरून चालत होते, पुसायला म्हणून. पण पुसायची हिंमत होत नव्हती. एका दाराशी बाबा थबकले, तळहात नीट दाबून पाहिला, चेहरा उजळला. मग बोटं पुढे गेली आणि मान हलली. "नाही. ह्याचा हात मोठा होता."

"बाबा, नका शोधू," भावजी म्हणाले.

"अरे, अजून अर्धी रांग राहिलीय."

"दार इथे नाही. गाडीचं दार तेच आहे. मी खळगा ठोकून काढला. पुट्टी भरली."

बाबांचा हात परक्या दारावर तसाच राहिला. "चुकून?"

इथेही 'हो' म्हणायची सोय होती.

"नाही. चिमणीने ठेवायला सांगितला होता. मला लाज वाटायची त्याची. शाळेपासून. पोरं चिडवायची. म्हणून तर तुम्हाला कोपऱ्यावर थांबायला सांगायचो."

आता ही गोष्ट बाबांना ठाऊक असणार, असं आम्ही सगळे इतकी वर्षं धरून चाललो होतो. एवढा हुशार माणूस. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं, फाटकाशी गर्दी असते म्हणून," बाबा सावकाश म्हणाले. "मी सगळ्यांना सांगायचो, पोराला केवढी समज आहे बघा. रहदारीची." मग म्हणाले, "आणि मी तिथून अजून जोरात वाजवायचो."

"हो."

"मग तर फारच लाज वाटत असेल."

"आता वाटते तेवढी नाही," भावजी म्हणाले. वखारवाला आमच्याकडे पाठ करून उगाच एक टायर इकडून तिकडे ढकलायला लागला.

परतीच्या वाटेवर कुणी उन्हाचीही चौकशी केली नाही. भावजींच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तशी बाबांनी दाराजवळचा दांडा धरला. "इथे थांबव. कोपऱ्यावर. मी येतो चालत."

गाडी थांबली. भावजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मग त्यांनी गिअर टाकला, गाडी सरळ घराच्या फाटकापाशी आणली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर मारला. पसरलेल्या बोटांनी, भीत भीत. आवाज असा आला की जणू कुणी ओली चादर झटकली. म्हणून पुन्हा मारला, जीव खाऊन. पुट्टी तडकली. मोतिया रंगाचा वाटीएवढा पोपडा खाली पडला. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या, एका बाल्कनीत कुणीतरी आलं. भावजींचे कान, मागून दिसत होते मला, तांबडेलाल झाले. हात मात्र बाहेरच होता. चिमणी दारात येऊन पाना हातात घेऊन बघत उभी राहिली.

बाबा समोर तोंड करून बसले होते. उतरायची घाई त्यांनी केली नाही. मग म्हणाले, "बोटं जुळवून मारतात."

यालाही आता काही महिने झाले. दारावरचा रंगाचा तो पोपडा उडालेलाच आहे, आजूबाजूला तडे आहेत, आणि फरशीचा केसाएवढा उंचवटा न खपणारा हा माणूस तो तसाच घेऊन दुकानात जातो. संध्याकाळी फाटकाशी येतो, आधी डावीकडे-उजवीकडे कोण बघतंय का ते पाहतो, कान लाल करून घेतो, आणि दोनदा ठोकतो. खिडक्या उघडतात. बाबा आजवर पुन्हा त्या गाडीत बसलेले नाहीत. पण आवाज झाला की आतल्या खोलीतून, खुर्चीतून न उठता, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणतात, "अजून जमत नाही त्याला."