पान चारवरची सही

माझ्या जाऊबाईंना सगळं हॉस्पिटल पोटॅशियमबाई म्हणतं. आता कौतुकाने म्हणतात. पण ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने टोमणा मारला होता, आणि त्याचा वचपा काढायला जाऊबाईंना दीड वर्ष लागलं. मी साक्षीदार आहे. खोटं कशाला बोलू, मधूनमधून आगीत तेलही मीच ओतलं.

एकोणीस वर्षं त्या तिथल्या प्रयोगशाळेत रक्त घेतात आणि तपासतात. कुणाची शीर सापडत नसली की नर्स त्यांनाच बोलावतात. तर झालं काय, एका आजोबांच्या रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलेलं आलं. डॉक्टरांनी ते उतरवायची औषधं दिली. मुळात ते वाढलेलंच नव्हतं, त्यामुळे ते नको इतकं उतरलं, ठोके चुकायला लागले आणि आजोबा तीन दिवस अतिदक्षता विभागात पडून राहिले.

वाचले बिचारे. पण बळीचा बकरा कुणीतरी हवाच होता. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही घरात सहीसाहेब म्हणतो, कारण समोर येईल त्या कागदावर ते न वाचता सही ठोकतात, त्यांनी अर्ध्या पानात चौकशी उरकली. रक्त घेताना बाईंनी सुईतून जोरात ओढलं, पेशी फुटल्या, पेशीतलं पोटॅशियम बाहेर आलं. संपलं.

"पेशी फुटल्या असत्या तर नळीत रक्तावर येणारं पाणी गुलाबी दिसलं असतं," जाऊबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. "ते पिवळंच होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आता डोळे काउंटरवर वापरा, पोटॅशियमबाई," साहेब म्हणाले. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई खिडकीत बसून नळ्यांना लेबलं चिकटवायला लागल्या.

घरी आल्या की भाजी अशी चिरायच्या की विळीला घाम फुटावा. "मी याची जिरवणार," एवढंच म्हणायच्या. मी म्हणायचे, "जिरवा!" नवरा म्हणायचा, तुम्ही दोघी एकमेकींना भडकवू नका. पण त्याचं कोण ऐकतंय.

संधी साहेबांनीच दिली. आरोग्यविज्ञानातलं संशोधन आणि सेवासुधारणेचं नियोजन कसं करायचं, याचा दर शनिवारी वर्ग सुरू झाला. प्रत्येक विभागातून एक माणूस हवा होता. साहेबांनी जाऊबाईंचं नाव घातलं. तेवढीच शनिवारची ब्याद टळेल, हा हिशोब.

पहिल्या शनिवारी जाऊबाईंनी वर्गाच्या मॅडमना आपला विषय लिहून दिला: 'प्रयोगशाळाप्रमुखांची चूक सिद्ध करणे.' मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली.

"हा प्रश्न नाही, हा खटला आहे," त्या म्हणाल्या. "ज्याचं उत्तर आधीच ठरलंय त्याला संशोधन म्हणत नाहीत. तुम्ही चुकीच्या ठरू शकाल असा प्रश्न आणा."

जाऊबाई घरी आल्या त्या धुमसतच. "मला म्हणे चुकीची ठरू शकेन! ही पण त्याच्याच पार्टीतली दिसतेय." तीन शनिवार तीन विषय, तिन्हींवर लाल रेघ. चौथ्या वेळी मात्र शहाणपणा सुचला. आजोबांची ती नळी कुठेकुठे गेली हे त्यांनी रजिस्टरवरून पाहिलं. रक्त संध्याकाळी साडेचारला घेतलं होतं आणि तपासलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. मधले सगळे तास नळी फ्रीजमध्ये होती, तीही न फिरवता. फिरवणं म्हणजे नळी यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवणं आणि पाणी वेगळं काढणं. चारनंतरच्या नळ्या तशाच फ्रीजमध्ये ठेवायच्या, हा तिथला नियमच होता. आणि थंडीत पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर झिरपतं. पाणी पिवळंच राहतं. चारनंतर पोटॅशियमसाठी रक्त क्वचितच यायचं, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सापडला चोर!" मी ओरडले.

आता आराखडा बनला. चाळीस माणसं, प्रत्येकाच्या दोन नळ्या. एक अर्ध्या तासात फिरवायची, दुसरी रात्रभर फ्रीजमध्ये. मॅडमनी वर आणखी एक कलम घातलं: निम्म्यांचं रक्त जाऊबाईंनी घ्यायचं, निम्म्यांचं दुसऱ्या तंत्रज्ञाने, आणि नळ्यांवर फक्त आकडे. म्हणजे हाताचा दोष असेल तर तोही बाहेर येईल. जाऊबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण लिहिलं.

संमतिपत्राचा त्यांचा पहिला मसुदा मी वाचला. 'मी खुशीने रक्त देत आहे, नंतर कुरकूर चालणार नाही.' मी म्हटलं, जाऊबाई, ही संमती आहे की दम? मॅडमनी तो बदलून घेतला, त्यात 'केव्हाही माघार घेता येईल' असं आलं. आमच्या सासूबाईंनी तेवढंच पाठ केलं. बाही वर केली, सुई पाहिली आणि म्हणाल्या, "माघार!" मी दिलं बाई रक्त, निमूटपणे.

पण त्याआधी एक घडलं. मॅडमनी विचारलं होतं, हा फ्रीजचा नियम आला कुठून? जाऊबाई शोधायला गेल्या. फ्रीजच्या कडेला, चिकटपट्टीच्या तीन थरांखाली, पिवळी पडलेली चिठ्ठी होती: 'चारनंतरच्या सर्व नळ्या आत ठेवाव्यात.' खाली साहेबांची सही.

आणि अक्षर जाऊबाईंचं.

नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पंखा बंद पडला होता, नळ्या तापू नयेत म्हणून त्यांनीच लिहिलं होतं आणि साहेबांपुढे सरकवलं होतं. त्यांनी नेहमीसारखी सही ठोकली. विसरून गेली दोघंही.

त्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना त्यांनी मला हे सांगितलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "अगं, त्या आजोबांना मीच..." एवढंच बोलल्या.

"फाडून टाका," मी म्हटलं. "कुणाला कळतंय?"

त्या बराच वेळ एकाच टॉवेलची घडी घालत राहिल्या. एकोणीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं. चिठ्ठी बाहेर आली की काउंटरची खिडकीसुद्धा राहते की नाही, कोण जाणे. मग त्यांचे डोळे बारीक झाले. ते डोळे मला माहीत आहेत.

"फाडली तर तो सुटेल," त्या म्हणाल्या. "माझं अक्षर आणि त्याची सही एकाच कागदावर आहे. मी बुडाले तर बुडाले, पण एकटी नाही बुडणार."

चिठ्ठीचा फोटो काढून त्यांनी ती होती तिथेच राहू दिली. आराखड्याच्या चौथ्या पानावर लिहिलं: 'सध्याचा नियम मी सुचवला, प्रमुखांनी मंजूर केला. तो घातक ठरल्यास जबाबदारी आम्हा दोघांची.' खाली मंजुरीची जागा. आणि गेल्या साहेबांकडे. साहेब फोनवर होते. पाचही पानांवर सह्या केल्या आणि हातानेच जा म्हणून सांगितलं.

निकाल चाळीसपैकी चाळीस! फ्रीजमधल्या प्रत्येक नळीत पोटॅशियम वाढलेलं, एकोणतीस जणांचं तर धोक्याच्या रेषेपलीकडे. पाणी सगळ्यांचं पिवळं. जाऊबाईंनी घेतलेलं रक्त आणि दुसऱ्याने घेतलेलं, यात काडीचाही फरक नाही.

हॉस्पिटलच्या अधीक्षकांसमोर बैठक झाली. जाऊबाईंनी आकडे दाखवले. साहेबांनी शांतपणे खिशातून चिठ्ठी काढली, खालच्या आपल्या सहीवर अंगठा ठेवून. फ्रीजवरून सोलून आणली होती. किती दिवस जपून ठेवली होती देव जाणे.

"छान," ते म्हणाले. "आता हे अक्षर कुणाचं, तेही सांगा बाई."

"माझंच," जाऊबाई म्हणाल्या. "पान चार उघडा. तिथे लिहिलंय. खाली तुमची सही आहे, तीन महिन्यांपूर्वीची."

अधीक्षकांनी पान उघडलं. वाचलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि जाऊबाई म्हणतात, तो एक क्षण मला पेन्शनसारखा जन्मभर पुरेल.

जुनी चौकशी रद्द झाली. जाऊबाईंना लेखी समज मिळाली, साहेबांनाही. जाऊबाई पुन्हा यंत्रापाशी बसल्या. आता चारनंतरची प्रत्येक नळी आधी फिरते.

मला वाटलं, झालं, मिटलं. पण त्यांचा साहेबांवर दात अजून होताच. आजोबांना माफीचं पत्र जायचं होतं, दोघांच्या सहीने. ते जाऊबाईंनी लिहिलं, सगळं, तीन दिवसांसकट. आपली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी सवयीने पेन उचललं.

जाऊबाईंनी कागदावर हात ठेवला. "आधी वाचा. मोठ्यानं."

दारात तंत्रज्ञ उभे होते, शिपाई उभा होता. साहेब वाचायला लागले. 'आमच्या चुकीमुळे आपला जीव धोक्यात' इथपर्यंत आले आणि त्यांचा आवाज बसला.

"पाणी घ्या," जाऊबाई म्हणाल्या. "आणि पुन्हा पहिल्यापासून."