एल्डनच्या जागी चिठ्ठी

पेनिमन घराण्याचे कागद ओहायोतल्या आमच्या वाचनालयाच्या तळघरात आहेत. घराण्यात दोन सिनेटर झाले, एक गव्हर्नर. पण माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या व्हर्ना टटलचा जीव अडकला तो यादवी युद्धात मेलेल्या धाकट्या मुलाच्या खणात. त्याच्या आईनं तो खण मरेपर्यंत कुणाला आवरू दिला नव्हता. बटणं, अर्धवट पत्र, तंबाखूची पुडी, सगळं जसंच्या तसं आमच्याकडे आलं. आमचा नियमही तोच: घरच्यांनी लावलेला क्रम मोडायचा नाही. काही हलवलंच, तर त्या जागी पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून ठेवायची, काय नेलं, कुठे नेलं.

व्हर्नाचा नवरा एल्डन गेला आणि हा नियम तिच्या घरी पोचला. त्याचे बूट चर्चला दिले, दारामागे चिठ्ठी. तंबाखूचा पाइप पुतण्यानं नेला, खिडकीत चिठ्ठी.

"अगं, घर आहे की तळघर?" मी म्हणायचे.

"वस्तू हलली की माणसाला परतीची वाट सापडत नाही," ती म्हणायची.

मग ती जिन्यावरून पडली. मुलगी जोलीन तिला डेटनला न्यायला आली. घर विकायचं ठरलं, मी आवराआवरीला गेले, पण व्हर्ना हलेना.

"आई, बाबांची खुर्ची तरी देऊन टाकू. स्प्रिंगा बाहेर आल्यात."

"तो बसलाय ना," व्हर्ना सहज म्हणाली.

जोलीननं खुर्चीकडे पाहिलं. "मग मक्याचा पाव भाजायला ठेव. वासानं आपोआप उठतील."

आम्ही तिघीही हसलो. व्हर्नाची नजर मात्र खुर्चीवरच होती. तिनं खुर्चीचा हात थोपटला, पेन्सिल मागून घेतली आणि कोट चढवला.

पुढच्या आठवड्यात दलालाला किल्ली द्यायची म्हणून मी गेले. रिकाम्या घरात जमिनीवर जागोजाग चिठ्ठ्या होत्या. पलंग, जोलीनकडे. खुर्ची, चर्चच्या गोदामात. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी ती उभी राहायची तिथे, आणखी एक होती. "व्हर्ना. डेटनला, मुलीकडे." खाली पूर्ण पत्ता.

नवे लोक येण्याआधी झाडून घ्यावं म्हणून मी वाकले. तंबाखूचा वास आला, ताजा. पाइप तर केव्हाच गेला होता.

व्हर्नाच्या पत्त्याची ती चिठ्ठी तेवढी मी तिथेच राहू दिली.