अक्काला आलेला एक शब्द

देवासच्या अक्काला सगळं जग अक्काच म्हणे. दवाखान्यातले डॉक्टर, गल्लीतला भाजीवाला, चर्चचे पाळकसाहेब, आणि सगळ्यांचं ऐकून ऐकून पोटची मुलगी देवश्रीसुद्धा. बत्तीस वर्षं धारला नर्स होती बाई. लोकांची शेकडो बाळं पहिल्यांदा हिनं हातात घेतली, पण ‘आई’ ही हाक काही हिच्या वाट्याला आली नाही. तिला ते फार लागायचं. बोलून मात्र दाखवायची नाही. हाक काय मागून घ्यायची असते?

हट्टी तर इतकी, की पैसे हातात आले की दहावा हिस्सा आधी प्रभूचा, मग वाण्याचा, मग उरलं तर घराचा. देवश्रीनं कोइंबतूरला घर घ्यायचं म्हणून मदत मागितली, तेव्हा अक्का साठवलेलं सगळं चर्चच्या गळक्या छपराला देऊन मोकळी झाली होती. उपासनेत अर्पणाची थैली फिरते ना, त्यावरून मुलगी बोलली, “तुझी थैली आधी, मी नंतर.” त्याला चार वर्षं झाली. नंतर फोनही नाही.

प्रभू सगळं पुरवतो, असं अक्का दहा जणांना सांगे. रुसलेली मुलगी तो कशी पुरवणार, हे मात्र तिला उमगत नव्हतं. पेन्शनमधून वाचवून तिनं कोइंबतूरच्या भाड्यापुरतं एक पाकीट तयार केलं. पण न बोलावता जायचं कसं? “मी येऊ का?” असं विचारायचा धीर होईना. नुकतंच मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचणं-लिहिणं बंद. शेवटी तिनं शेजारच्या मोनाकडून मेसेज लिहून घेतला, “बाळा, कधी येशील?”

मोना मराठी घरातली, पण शाळा हिंदी, सासरही हिंदी बोलणारं. शनिवारी उत्तर आलं तेही तिनंच वाचलं. एकच शब्द होता.

“अक्का, लिखा है, ‘आई’. म्हणजे निघाली ना! हमारी गुड्डी को भी बुलाओ तो यही कहती है, आई!”

अक्काला ते लगेच पटलं. देवश्रीही लहानपणी हिंदी शाळेतल्या सवयीनं, हाक मारली की अंगणातून अशीच ‘आई’, म्हणजे ‘आले’, असं ओरडायची.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कापणीचा सण होता. लोकांनी वेदीपुढे मका, सोयाबीन, भोपळे आणून ठेवले होते. चर्चचा चौकीदार गणोजी याच्या पायाच्या ऑपरेशनसाठी अर्पण गोळा होत होतं. मुलगी येतेच आहे, आता भाड्याचे पैसे कशाला, असं म्हणून अक्कानं ते पाकीट थैलीत टाकलं. परतताना आठवणीनं मके घेतले, देवश्रीला आवडतो तो भुट्ट्याचा कीस करायला.

सोमवारी संध्याकाळपर्यंत ती दार उघडं ठेवून बसली. मग फोन वाजला. देवश्री कोइंबतूरलाच होती. “मी येत नाहीये गं. तुला ‘आई’ म्हणून लिहायला घेतलं, कधी म्हटलंच नव्हतं ना. पुढं काही लिहवेना. तूच ये. येशील?”

अक्का हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी सकाळीच तिनं पाळकसाहेबांचं दार वाजवलं. पाकीट त्यांच्या कपाटात तसंच होतं, ऑपरेशन गुरुवारी होतं. सगळं ऐकल्यावर त्यांनीच ते काढून तिच्या हातात ठेवलं. लेकीकडे जा, म्हणाले, गणोजीचं चर्चची मंडळी काहीतरी करतील. अक्का पाकीट धरून बराच वेळ उभी राहिली. त्यात कोइंबतूर होतं, देवश्रीचं न पाहिलेलं घर होतं. जावंसं तिला फार वाटत होतं.

“साहेब, परवा मला नको होतं म्हणून दिलं,” ती म्हणाली. “नको असलेलं देणं हे काय देणं झालं? आज मला हवंय. आज घ्या.”

पाकीट टेबलावर ठेवून ती बाहेर पडली आणि भर रस्त्यात रडली. घरी येऊन तिनं मुलीला फोन लावला. खोटं सांगणं सोपं होतं, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय म्हणायचं. पण तिनं थैली, पाकीट, गणोजीचा पाय, सगळं जसंच्या तसं सांगितलं. चार वर्षांपूर्वी अशाच एका देण्यावरून मुलगी तुटली होती. प्रभो, आता हिला तूच धर, एवढंच अक्का मनात म्हणत राहिली.

“अठरा तारखेला माझा पगार होतो,” देवश्री म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. “तुझं तिकीट मी काढते. पैसे पाठवणार नाही, सांगून ठेवते. तुझ्या हातात पैसे आले की तू देऊन टाकशील.”