मितानाची दुर्बीण

हे मी सुमनलाही सांगितलं नाही. जन्मभर एका छपराखाली राहिलो, तिच्यापासून पगाराची पाकिटं लपवली नाहीत, दुखणी लपवली नाहीत — एवढं मात्र लपवलं. ती गेली, माझ्याबद्दल बरं मत घेऊनच गेली. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलणं जमेलसं वाटतं.

कुठून सुरुवात करू? पाण्यापासून करतो. पाण्याबद्दल बोलताना अजून तरी जीभ अडखळत नाही.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी तिरोड्याकडचा. मॅट्रिक झालो होतो, चार भावांत वाटलेल्या शेतीत राम नव्हता, म्हणून इकडे आलो. कारखान्यासाठी मोठा तलाव केला होता, तिथे मला गेज क्लार्क म्हणून लावलं. नाव भारदस्त, काम मात्र एवढंच — सकाळी सातला पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि टेलिफोनवर कळवायचा. पट्टीपर्यंत जायला एक डोंगा होता. डोंगा चालवायला समारू.

समारू केवट. अहिवाऱ्याकडच्या एका खेड्यातला, रोजीवर लागलेला, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. मला 'बाबू' म्हणायचा. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, पण डोळे असे की काय सांगू! दिवाळी सरली, थंडी पडायला लागली की तलावावर पाखरं उतरायची. मला पाण्यावर नुसते काळे ठिपके दिसत. समारू वल्हं थांबवून म्हणायचा, "ओ दे, सींखपर. तीन कोरी." म्हणजे ती लांब टोकदार शेपटीची बदकं, आणि कोरी म्हणजे वीस. साठ. मी कधी हट्टाने मोजायला बसलो तर दमून शेवटी साठावरच यायचो.

असे पाच हिवाळे आम्ही दोघांनी एका डोंग्यात काढले. हे पाच हिवाळे लक्षात ठेवा. पुढे मी त्यांचंच भांडवल केलं.

चौथ्या हिवाळ्यात पावेल आला. भट्टीवरचा रशियन इंजिनीअर, उंच, पिवळ्या केसांचा. रविवारी सायकल हाणत तलावावर यायचा, गळ्यात दुर्बीण. मी संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकलो होतो, मोडकं-तोडकं बोलायचो. त्यामुळे डोंग्यात आम्ही तिघं झालो. पुढे तो, मागे समारू, मध्ये मी. एकाचं दुसऱ्याला सांगणारा.

पावेल एका बंदराच्या गावचा होता. म्हणायचा, आमच्याकडे हिवाळ्यात काठाशी समुद्र गोठतो, पण बोटींची ये-जा असते तिथे पाण्याची एक पट्टी मोकळी राहते. सगळी पाखरं त्या पट्टीत दाटीवाटीने बसतात. वर क्रेन, धूर, भोंगे, आणि खाली पाखरं. लहानपणापासून तो धक्क्यावर उभा राहून ती मोजायचा. इथे आल्यावर आमच्या तलावावरून कारखान्याच्या चिमण्यांचा धूर दिसला आणि त्याला घरी आल्यासारखं वाटलं म्हणे. समुद्र मी पाहिलेला नव्हता, समारूनेही नाही. समारू पुन्हा पुन्हा विचारायचा — बोट गेल्यावर पाखरं उडतात का? पुन्हा त्याच जागी बसतात का? मी विचारायचो, पावेल सांगायचा, मी सांगायचो. मला स्वतःला मात्र कुणी काही विचारत नव्हतं.

पावेल दुर्बीण लावून मोजायचा, समारू नुसत्या डोळ्यांनी. आकडा जुळला की दोघं हसायचे. त्या हसण्यात सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून माझी गरज लागायची नाही. पावेलच्या वहीत हळूहळू 'कोरी' हा शब्द आला. समारूचं नाव आलं. माझं कुठेच नाही. पोटात दुखलं का? दुखलं. खोटं कशाला बोलू — बरंच बोलून झालं आहे.

पुढच्या पौषात छेरछेरा आला. त्या दिवशी नवं धान घरात आलेलं असतं, दारोदारी ते मागायचं आणि द्यायचं असतं. समारू नवं धोतर आणि नारळ घेऊन आला आणि मला म्हणाला, "साहब ला पूछ तो बाबू, मोर संग मितान बदही का?"

छत्तीसगडात मितान म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. दोन परकी माणसं नारळ बदलतात आणि सख्ख्यापेक्षा सख्खी होतात. मग एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'मितान'च म्हणायचं. एकाने दिलं की दुसऱ्याने द्यायचं. एकाच्या घरचं लग्न ते दुसऱ्याच्या घरचं. आणि एक गेला तर दुसऱ्याने डोकं भादरायचं, रक्ताच्या माणसासाठी भादरतात तसंच. हे सगळं मी पावेलला समजावलं. त्याने नीट ऐकलं, टोपी काढली, केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, केस पुष्कळ आहेत, चालेल.

पावेलने बाजारातून नारळ आणवला. अदलाबदल झाली, समारूने त्याच्या कपाळाला टिळा लावला, खांद्यावर धोतर ठेवलं. मी काठावर उभा राहून दोघांच्या तोंडचे शब्द इकडून तिकडे पोचवले. हे लग्न लावणाऱ्या भटजीसारखं झालं. पाच हिवाळे ज्याच्यासोबत काढले, ज्याची भाकरी खाल्ली, त्याच्या मनात मला विचारायचं कधी आलं नाही. आणि ज्याचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं, माझ्या तोंडून कळत होतं, त्याला मात्र विचारलं. तेव्हापासून मी समारूला पाण्यात पाहू लागलो.

फेब्रुवारीअखेर पावेलची मुदत संपली. निघायच्या दिवशी तो जीपमधून तलावावर आला. समारू तापाने गावी पडला होता. पावेलने गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, ही माझ्या मितानाला दे. त्याचे डोळे अधू व्हायला लागलेत, माझ्या लक्षात आलं आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी त्याने इथे मोजावं, मी बंदरावर मोजतो. तू आकडा लिहून कळव, खाली त्याचा अंगठा घे.

मी हो म्हटलं.

दुर्बीण घरी नेली. तेव्हा आम्ही सेक्टर सहाच्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये होतो. ट्रंकेत गोधड्यांखाली ठेवली. सुमनला दोन दिवसांत सापडली.

"हे काय होय जी? ट्रंकात कावून ठेवून राहिले?"

"हापिसची होय. तू हात नोको लावू."

तिने हात लावला नाही. ती तशीच होती.

समारू बरा होऊन कामावर आला. डोंगा सोडताना माझ्याकडे न बघता विचारलं, "जावत बेरा साहब मोर बर कुछु कहिस का, बाबू?" जाताना साहेब माझ्यासाठी काही म्हणाला का, विचारत होता.

आता तुम्ही सांगा — इथे किती वेळ लागला असता? दुर्बीण घरी राहिली, उद्या आणतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"नाही," मी म्हणालो.

थोडं वल्हवल्यावर तो म्हणाला, "बडे आदमी ए. भुला गे होही."

त्याच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं की समारूने रूसी साहेबाला मितान केलं. नारळ दिला, धोतर दिलं. मितानाने उलट काय दिलं, हे लोक विचारणारच. थट्टा व्हायची — केवटाला मोठ्यांशी सोयरीक करायची हौस! त्यानेच मला हे हसत सांगितलं. मीही हसलो.

पण दुर्बीण चोरली एवढंच असतं, तर कदाचित मी तुम्हाला त्रास दिला नसता. खरं सांगायचं ते पुढेच आहे. पुढे-पुढे ढकलतो आहे, कळतंय मला.

हिवाळा आला. समारूला पाखरं आता नीट दिसत नव्हती. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तो विचारायचा, किती आहेत रे बाबू? मी अंदाजाने ठोकून द्यायचो. नव्या वर्षाचा पहिला रविवार आला नि गेला. महिन्याभराने पावेलचं पत्र आलं, तलावाच्या ऑफिसच्या पत्त्यावर. मितानाने किती मोजली? दुर्बीण त्याच्या हाताला बसली का? त्याच्या अंगठ्याची वाट पाहतो आहे.

अंगठा घ्यायचा तर सगळं सांगावं लागलं असतं. उत्तर दिलं नसतं तर दुसरं पत्र आलं असतं, कदाचित कुणा साहेबाच्या हातात पडलं असतं. चार दिवस मी ते पत्र शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. मग एका दुपारी गेजच्या खोलीत बसलो आणि रशियनमध्ये लिहिलं — समारू वारला.

बाहेर समारू डोंग्यातलं पाणी डबड्याने उपसत होता. आवाज येत होता. त्या आवाजात मी लिहिलं की तो तापाने गेला, दुर्बीण त्याला फार आवडली होती. पत्ता नीट घातला. माझं अक्षर चांगलं आहे.

झालं. हेच ते. जिवंत माणसाला मी कागदावर मारलं — कशासाठी? तर दुर्बिणीसाठी नव्हे. ती मी धड डोळ्यालाही लावली नव्हती. त्याने मला विचारलं नव्हतं म्हणून.

एप्रिलमध्ये पावेलचं उत्तर आलं. लहानसंच होतं. मी डोकं भादरलं, त्याने लिहिलं होतं. इथे अजून बर्फ आहे, कामावर लोक हसले, त्यांना सांगायला गेलो पण समजलं नाही. रविवारी बंदरावर गेलो. मितानाच्या नावाने मोजली — सात कोरी आणि चार. दुर्बीण त्याच्या घरीच असू दे.

त्यानंतर पत्र आलं नाही.

दोनेक वर्षांत समारूचे डोळे पूर्ण गेले. रोजीवरचा माणूस, दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही एवढंच त्याला सांगण्यात आलं. तो गावी गेला. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी मी दुर्बीण पिशवीत घातली आणि सायकल काढली. ठरवून निघालो होतो — पायाशी ठेवायची, सगळं सांगायचं, मग तो थुंको नाहीतर मारो. अहिवाऱ्यापर्यंत तोंडाने वाक्यं घोकत गेलो.

समारू अंगणात उन्हात बसला होता. मी सायकल टेकवली तशी मान वर केली. मी नुसता खाकरलो, तेवढ्यावर ओळखलं. सुनेला हाक मारली, चहा टाकायला लावला, तांदळाचे फरे वाढायला लावले. शेजारचे दोघे-तिघे जमले. समारू माझ्या दंडाला धरून त्यांना म्हणाला, "देखव, साहब भुला गे. बाबू नइ भुलाइस."

पिशवी माझ्या मांडीवर होती. आता काढ, मी स्वतःला म्हटलं. तो माझा हात सोडेना.

मग त्याने सुनेला आतून नारळ आणायला सांगितला. चाचपत माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "मोर संग मितान बद ले, बाबू. पहिलीच पूछना रिहिस."

आधीच विचारायला हवं होतं, म्हणत होता. ज्याच्यासाठी मी सगळं केलं होतं ते असं आयतं हातात आलं.

तुम्ही काय केलं असतं, विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. नारळ घेतला. सुनेने दुसरा आणून दिला, तो मी समारूला दिला. त्याने चाचपडत माझ्या कपाळाला टिळा लावला, तो जरा नाकावर लागला आणि सगळे हसले. उलट काहीतरी द्यायला हवं होतं. मी खांद्यावरचा गमछा काढून दिला. दुर्बीण पिशवीत तशीच घेऊन परत आलो.

त्यानंतर तो मला मितानच म्हणायचा. वर्षातून दोन-तीनदा मी जायचो. पाखरं आली का, विचारायचा, मी आली म्हणायचो. बोट गेल्यावर पाखरं पुन्हा त्याच जागी बसतात का, हेही एकदा विचारलं. मी हो म्हटलं. पावेलने काय सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं.

एका फाल्गुनात निरोप आला. मी गेलो, दहाव्याला नदीवर बसलो. समारूच्या मुलाचं डोकं झालं, मग न्हावी माझ्याकडे वळला. मला तो ओळखत नव्हता. माझे कपडे बघून, हा तर शहरातला बाबू, याचं इथे काय, असं त्याला वाटलं असावं.

"तोर का लागे?" त्याने नातं विचारलं.

"मितान," मी म्हणालो. त्याने माझी मान खाली दाबली आणि वस्तरा लावला.