हिरड्यांचा रंग

रफूबाईंना दिसेनासं झालंय, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक त्या स्वतः, आणि दुसरा मुकादम. मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. बाई सुई घेऊन बसल्या की हा समोर पाय पसरून बसायचा आणि त्यांचा हात थांबला की मान वर करून बघायचा, म्हणून ते नाव. तो काही कुणाजवळ बोलणार नव्हता.

बाई कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानाचं रफूचं काम करायच्या. कोटाला सिगारेटचं भोक पडलेलं असो, नाहीतर कसरीने खाल्लेलं असो, आतल्या शिवणीतले धागे उपसून त्या अशा विणून द्यायच्या की कोटाच्या मालकालाही जागा सापडू नये. पण वर्षभरात डोळ्यांवर दुधाळ साय धरली. काळा, निळा, तपकिरी सगळे एक झाले. धाग्यांची रिळं डब्यात ठरलेल्या क्रमाने लावायची, बाकी बोटांच्या भरवशावर. एकदा निळ्या कोटात तपकिरी धागा गेला. दुकानमालक हसत म्हणाला, बाई, आता वय झालं का? बाईंनीही हसून वेळ मारून नेली आणि घरी येऊन, दार लावून सगळी रिळं पुन्हा क्रमाने लावली.

मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे का नाही गेल्या म्हणता? अहो, भीती! त्यांची आई शेवटी शेवटी भिंत चाचपत चालायची. आपलंही तेच आहे, असं कुणाच्या तोंडून ऐकायची बाईंची छाती नव्हती. ऐकलं की काम गेलं, आणि काम गेलं की बाईंच्या हातात उरलं काय?

त्यात मुकादमचं पोट बिघडलं. बाईंनी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जंताचं औषध पाजलं आणि बजावलं, की हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, एका औषधाने संपतीलच असं नाही. शी काळपट किंवा लाल दिसली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर त्याच पावली घेऊन या. बाईंनी मान डोलावली. दिसेल तर ना!

थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. या खेपेला बाई मुकादमला घरीच ठेवून एकट्या औषध आणायला गेल्या. डॉक्टरांनी शीचा रंग विचारला. "नेहमीसारखाच," बाई म्हणाल्या. हिरड्या? "गुलाबी." इतक्या सफाईने बोलल्या की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. दवाखाना दुकानाच्या अगदी शेजारी, बाकावर ओळखीची माणसं, तिथे कसं सांगणार? डॉक्टरांनी पोट बांधायची पूड दिली. ती दिली की मुकादम सावरायचा, संपली की पुन्हा आडवा. शीचा वास बदललाय, गंजक्या लोखंडासारखा येतोय, हे बाईंच्या नाकाला कळत होतं. काहीतरी खाल्लं असेल, असं त्या स्वतःला समजवायच्या. मुकादमच्या पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागायचे. मग त्या हातच काढून घ्यायच्या.

शेजारच्या खोलीत त्यांची धाकटी जाऊ राहायची. अंगण दोघींचं एकच. मुकादमने मागे कधीतरी तिच्या पुसलेल्या ओट्यावर घाण केली, तिने झाडू फेकून मारला, बाई नको ते बोलल्या, आणि तेव्हापासून अबोला. भांडी आपटायची तेवढी एकमेकींना ऐकू जातील अशी.

एका सकाळी बाईंनी हाक मारली तर मुकादम आला नाही. अंगणात चाचपडत गेल्या तेव्हा तो नळाजवळच्या ओल्या मातीत सापडला. कान थंडगार. शेपटी जेमतेम हलली. त्याला उचलायला गेल्या, तर जमेना.

"अगं, जरा ये गं," त्यांनी हाक मारली.

धाकटी आली. चादरीत गुंडाळून तिनेच त्याला उचललं, रिक्षा थांबवली, दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी मुकादमचा ओठ वर केला आणि त्यांचा आवाजच बदलला. "रक्त कधीपासून जातंय? नीट आठवून सांगा, मावशी. आजच सुरू झालं असेल तर हे विष नाहीतर साथीचा आजार, त्याचे उपाय वेगळे. जुनं असेल तर जंतच, आणि मग याला आधी रक्त चढवायला हवं. दोन्हीकडे धावायला याच्याकडे वेळ नाही."

"आजच" हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. तो बोलला की सुटका होती. शेजारी धाकटी उभी, मागे बाकावर माणसं, भिंतीपलीकडे दुकान. टेबलावर मुकादमचा श्वास ऐकू येत होता, मध्येच थांबत होता.

"मला दिसत नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. मागे सांगितलं ते सगळं खोटं. हिला विचारा, अंगण हीच झाडते."

बाकावरची कुजबुज थांबली.

"दोन महिने तरी झाले," ती म्हणाली. "आधी काळी असायची, मग लाल. मी रोज वर माती ओढायचे. मला वाटलं, ताईंना दिसतंय, पण त्या मनावर घेत नाहीयेत. आणि आमचं बोलणं कुठे होतं?"

शी मातीत तशीच दाबली गेली की त्या ओल्या मातीत जंतांच्या अळ्या वाढतात आणि पंजांतून पुन्हा अंगात शिरतात, असं डॉक्टर सुई शोधता शोधता म्हणाले. कुणावर ठपका ठेवायला त्यांना सवड नव्हती. रक्तासाठी दुसरा कुत्रा आणायला त्यांनी मदतनिसाला पिटाळलं. धाकटी मात्र ते अळ्यांचं ऐकून मटकन खाली बसली. "माझ्याच हाताने झालं की हो," म्हणाली आणि रडायला लागली. बाईंनी चाचपून तिचा खांदा शोधला.

रक्त चढायला लागल्यावर दोघींना टेबलाजवळ बसू दिलं. वाचेल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. हिरड्यांवर लक्ष ठेवा, एवढंच म्हणाले. बाईंनी मुकादमचा पंजा धरून ठेवला होता. आपलं काम गेलंच आता, हे त्यांना कळत होतं, पण त्याची भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

"बघ ना," त्या म्हणाल्या. "काय रंग आहे?"

धाकटीने हलकेच ओठ वर केला. बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना बरं वाटावं म्हणून तिने काहीही सांगितलं असतं, तरी त्यांना कळलं नसतं.

"पांढऱ्याच आहेत, ताई."

"बरं," बाई म्हणाल्या. "थोड्या वेळाने परत बघ."